तुम्ही विचारलंत म्हणून: उंब्रजच्या त्या चार मिनिटांबद्दल

रविवारी यवतेश्वरचा चढ संपवून आम्ही चहाला थांबलो की ग्रुपमध्ये नवा आलेला एखादा रायडर हमखास विचारतो, "मॅडम, त्या ४०० च्या ब्रेव्हेत चार मिनिटांसाठी एका मुलाला बाद केलंत, ते तुम्हीच ना?" त्या 'ना'मध्ये निकाल आधीच लागलेला असतो. इतकी वर्षे मी हसून विषय बदलत आले. आता एकदा लिहूनच टाकते, म्हणजे निदान चहा तरी गरम असताना पिता येईल.

हो, ती मीच. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर, आणि ४०० म्हणजे तिचे किलोमीटर. २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सकाळी सहाला सुटलेली, महामार्गाने किणीच्या बाजूला जाऊन परतणारी ती ब्रेव्हे होती, आणि परतीच्या वाटेवर २५५ व्या किलोमीटरला उंब्रजजवळच्या ढाब्यावरचा कंट्रोल, म्हणजे वेळेच्या आत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा थांबा, माझ्याकडे होता. ताशी १५ च्या हिशेबाने तो रात्री अकराला बंद होत होता. तुमचा पुढचा मुद्दाही मला पाठ आहे: उरलेल्या १४५ किलोमीटरसाठी त्याच्याकडे दहा तास होते, मग चार मिनिटांनी काय बिघडणार होते? त्याचे काहीच बिघडले नसते, हे मी तेव्हाही मान्य केले असते. पण त्याच रात्री दोघांनी कराडमध्ये घड्याळ पाहून, अकराच्या आत उंब्रज गाठणे शक्य नाही असा हिशेब करून, सायकली टेम्पोत टाकल्या होत्या आणि मला तसे फोनवर कळवलेही होते. दहा अठ्ठावन्नला एक बाई आली, ती शेवटचे वीस किलोमीटर पाण्यालाही थांबली नव्हती. अकरा म्हणजे अकरा असे मानून या तिघांनी जे केले, त्याचे मोल त्यानंतर चार मिनिटांनी मी कसे बदलणार होते?

हे उत्तर मी बऱ्याच जणांना दिले आहे आणि ते खोटे नाही. ते पुरेसेही नाही.

तो आला तेव्हा मी शाईचे पॅड मिटून डबीत ठेवत होते. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झालेले होते आणि कार्ड मळू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी त्याने दातांत धरून आणली होती. त्याने काही न बोलता आधी तळहात उघडून दाखवला. त्यावर केसाएवढी बारीक, नखाएवढ्या लांबीची पोलादी तार होती. ट्रकचे टायर फुटले की अशा तारा महामार्गाच्या कडेला पसरतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने भोगलेले आहे. "दोनदा पंक्चर झालं. दुसऱ्या वेळी ट्यूब नव्हती, आणि पॅच लावायला घेतला तर सोल्यूशन वाळलेलं निघालं," तो म्हणाला. मी विचारले, "आणखी काही कारण?" त्याने माझ्या मागच्या टेबलाकडे पाहिले, जिथे एक रायडर दाल-खिचडी खात बसला होता, आणि "नाही" म्हणाला. मी घड्याळ त्याच्यासमोर धरले. तेवीस शून्य चार. त्याने कार्ड पिशवीत परत सरकवले, बाटली भरून घेतली आणि मला, हे विशेष, "थँक यू मॅडम" म्हटले.

चार दिवसांनी त्या खिचडीवाल्याचा फोन आला. किणीच्या अलीकडे स्वतःच्या ट्यूब संपल्यावर त्याने या मुलाची एक जास्तीची ट्यूब घेतली होती. तीच पुढे या मुलाला कमी पडली. "तेव्हाच का नाही बोललात?" मी जरा जोरातच विचारले. "त्याला नको असेल असं वाटलं," तो म्हणाला. त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि तो राग मला सोयीचा आहे, हेही कळते.

कारण नियमात वाव होता. मधल्या कंट्रोलला उशीर झाला आणि त्यामागे अनपेक्षित, रायडरच्या हाताबाहेरचे कारण असेल, जसे अपघातात मदतीला थांबणे किंवा रस्ताच बंद असणे, तर कंट्रोलवरचा माणूस वेळ शिथिल करू शकतो. दमणे, भूक, नादुरुस्त सामान ही कारणे चालत नाहीत. आता दुसऱ्याला दिलेली ट्यूब यात कुठे बसवायची? ती त्याने स्वखुशीने दिली, कोणी हिसकावली नव्हती. पण अपघात पाहून थांबणाऱ्यालाही कोणी जबरदस्ती करत नाही. या वाक्यापाशी मी दर वेळी अडकते. आणि समजा नियम बाजूला ठेवला, तरी मी कार्डावर तेवीस शून्य चार लिहून, सही करून, निर्णय आयोजकांवर सोडू शकले असते. तसे केले नाही, कारण मला निर्णय घ्यायचा होता. बँकेत सत्तावीस वर्षे कॅश मोजलेल्या बाईला दहा रुपयांचा फरक 'वरून बघून घेतील' म्हणून सोडता येत नाही.

याला आणखी एक मागचा धागा आहे, जो सांगायचे मी टाळत आले. २०२० च्या जानेवारीत अशाच एका कंट्रोलवर मी एकाला अकरा मिनिटे उशिरा शिक्का दिला होता. तेव्हा मी अभिमानाने म्हणत असे की शर्यत नसलेल्या गोष्टीत घड्याळाचे एवढे काय घेऊन बसायचे. तो पहाटे खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरच्या वळणावर पेंगला, पडला आणि त्याचे कॉलरबोन मोडले. अकरा मिनिटांमुळे तो पडला नाही. वेळेत पोचलेला माणूसही तिथे पेंगू शकतो. हे मला आज स्वच्छ दिसते. पण उंब्रजला पॅड मिटताना दिसत नव्हते, आणि ज्याचा त्या वळणाशी काही संबंध नव्हता अशा मुलाकडून मी जुनी थकबाकी वसूल केली असेल, ही शंका जात नाही.

"त्याने दुसरी ४०० करायची होती," असेही मी म्हणत असे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस होती. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या १२०० किलोमीटरसाठी २०० पासून ६०० पर्यंतच्या चारही ब्रेव्हे त्याच हंगामात पूर्ण लागतात. तो चाकणला पाळीच्या नोकरीत होता, हे मला नंतर कळले. त्याने दुसरी ४०० केली नाही.

तेव्हापासून मी कंट्रोलवर "आणखी काही कारण?" असे मोघम विचारत नाही. "वाटेत कोणासाठी थांबलात का?" असे सरळ विचारते. गेल्या हंगामात सहा मिनिटे उशिरा आलेल्या एका गृहस्थांनी प्रश्न पुरता व्हायच्या आत "हो, हो" म्हटले. कोणासाठी, हे विचारल्यावर ते हेल्मेटचा पट्टा सोडत राहिले. मी शिक्का मारला.