अर्धा पॉट, पाव पॉट

लग्न होऊन कॅलिफोर्नियात आले, तेव्हा पत्त्यांच्या बाबतीत मी स्वतःला बऱ्यापैकी जाणकार समजत असे. माहेरी मे महिन्याच्या सुटीत मेंढीकोट आणि बदाम सात, दिवाळीत तीन पत्ती आणि गणपतीत जागरणाला रमी, एवढी शिदोरी सोबत होती. माझे मामेसासरे सॅन होजेला राहतात आणि शनिवारी रात्री जेवणे आटोपली की ताटांच्या जागी पत्ते येतात, हा त्यांच्या घरचा जुना शिरस्ता आहे. पैसे मात्र लावायचे नाहीत, असा मामींचा दंडक असल्यामुळे चिप्सऐवजी कडधान्ये वापरली जातात: चवळी म्हणजे एक आणि राजमा म्हणजे पाच. या टेबलावर मी ओमाहा हाय-लो हा पोकरचा प्रकार शिकले, आणि शिकता शिकता बराच राजमा घालवला.

ज्याला होल्डेम, म्हणजे प्रत्येकाला दोन पाने देऊन खेळायचा पोकर ठाऊक आहे, त्याला या खेळाचा सांगाडा लगेच कळतो. डीलरच्या डावीकडच्या दोघांनी सक्तीची रक्कम आधीच लावायची. तिला ब्लाइंड म्हणतात, पण तीन पत्तीतल्या ब्लाइंडशी तिचा काही संबंध नाही. तिचे नाते आपल्या बूटशी आहे. त्यानंतर प्रत्येकाला चार पाने मिळतात. मग टेबलावर सर्वांच्या सामाईक अशा पाच पानांपैकी आधी तीन उघडतात, नंतर एक आणि शेवटी आणखी एक. यांना अनुक्रमे फ्लॉप, टर्न आणि रिव्हर म्हणतात. पैजेच्या चार फेऱ्या होतात. आम्ही ठरावीक पैजेचा, म्हणजे लिमिट प्रकार खेळतो: पहिल्या दोन फेऱ्यांत दोन-दोन चवळ्या आणि पुढच्या दोन फेऱ्यांत चार-चार. आपल्या घरी वाढलेल्यांसाठी एक वेगळी सूचना अशी, की तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो, पण इथे पाच पानांचा कलर सिक्वेन्सला हरवतो. पहिल्या महिन्यात मी या एका सवयीपायी दोनदा फसले.

या खेळाचे वेगळेपण असे, की पॉटचे, म्हणजे सर्वांनी लावून जमलेल्या रकमेचे, दोन भाग होतात. अर्धा सर्वांत मोठ्या हाताला, म्हणजे पाच पानांच्या जुळणीला, आणि अर्धा सर्वांत लहान हाताला. लहान हात जिंकतो ही कल्पना आपल्याला परकी नाही, तीन पत्तीच्या मुफलीसमध्ये आपण तेच करतो. पण मुफलीसमध्ये लहानच जिंकतो आणि इथे दोन्ही एकाच वेळी जिंकतात. शिवाय लहान हाताला पात्रतेची अट आहे. पाचही पाने वेगवेगळ्या आकड्यांची आणि अठ्ठी किंवा तिच्याखालची हवीत. एक्का इथे सोयीप्रमाणे मोठाही होतो आणि लहानही, आणि लहान हात मोजताना सिक्वेन्स किंवा कलर झाला तरी तो आड येत नाही. कोणाचाच हात या अटीत बसला नाही, तर सगळा पॉट मोठ्या हाताचा. विभागणी करताना एक चवळी उरली, तर तीही मोठ्या हाताकडे जाते.

लहान हातांची तुलना कशी करायची, हे मला बरेच दिवस नीट उमगत नव्हते. ज्याच्याकडे एक्का आणि दुर्री तोच जिंकणार, अशी माझी ठाम समजूत होती. मग मामांनी एक युक्ती सांगितली: पाच पाने मोठ्यापासून लहानाकडे मांडायची, एक्क्याला एक धरायचे आणि ती पाच आकडी संख्या म्हणून वाचायची. ज्याची संख्या लहान, तो जिंकला. अठ्ठी, पंजी, चव्वी, दुर्री, एक्का म्हणजे ८५४२१ आणि सत्ती, छक्की, पंजी, चव्वी, तिर्री म्हणजे ७६५४३. दुसऱ्या हातात एक्काही नाही आणि दुर्रीही नाही, तरी तोच जिंकतो. सर्वांत लहान संख्या अर्थातच ५४३२१. आणि गंमत अशी, की तीच पाच पाने मोठ्या बाजूला सिक्वेन्सही असतात.

आता ज्या नियमावर बहुतेक नवशिके अडखळतात, तो सांगते. हातातल्या चार पानांपैकी नेमकी दोन वापरायची आणि टेबलावरची नेमकी तीन. एक नाही, तीन नाहीत, दोनच. होल्डेममध्ये ही सक्ती नसते, त्यामुळे तिथून आलेल्यांची डोळ्यांची सवय मोडता मोडत नाही. टेबलावर चार इस्पिके पडली आणि माझ्या हातात इस्पिकाचा एकटा एक्का असला, तर माझा कलर होत नाही. हातात एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी अशी देखणी पाने आहेत आणि टेबलावर अठ्ठीखालचे एकच पान आले आहे, तर लहान हात कोणाचाच होऊ शकत नाही, कारण त्यासाठी टेबलावर तीन वेगवेगळी लहान पाने लागतात. आणि चार एक्के हातात आले तर? तीन पत्तीवाल्याचा हर्ष गगनात मावणार नाही, पण इथे त्यांतले दोनच चालतात आणि उरलेले दोन स्वतःच्याच वाटेतली धोंड होऊन बसतात, कारण टेबलावर येऊ शकणारा एक्का आता गड्डीत शिल्लकच राहिलेला नसतो.

म्हणूनच मामांच्या टेबलावर हात दाखवताना नुसती पाने पसरून चालत नाही. ते दरवेळी एकच प्रश्न विचारतात, ‘कोणती दोन?’ आणि मग ती दोन पाने बोटाने पुढे सरकवावी लागतात. मोठ्या हातासाठी एक जोडी आणि लहान हातासाठी दुसरी जोडी वापरली तरी चालते. चार पानांतून सहा जोड्या निघतात, म्हणजे मी खरे तर सहा हात एकत्र धरून बसलेली असते. होल्डेममध्ये दोन पानांचे १,३२६ प्रकारचे हात संभवतात, तर इथे चार पानांचे २,७०,७२५.

प्रेक्षकांनाही हे दुहेरी वाचन अवघड जाते. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये २००६ साली पन्नास हजार डॉलर प्रवेशमूल्याची एक स्पर्धा झाली. तिच्यात पाच खेळ आळीपाळीने खेळायचे होते आणि त्यांपैकी ओमाहा हाय-लो आणि स्टड एट ऑर बेटर हे दोन पॉट विभागणारे होते. मात्र अंतिम टेबल टीव्हीवर दाखवायचे म्हणून तिथे फक्त होल्डेम खेळवले गेले. चिप रीझ हा जुना, मुरलेला खेळाडू ती स्पर्धा जिंकला. पुढच्या वर्षी अंतिम टेबलावरही पाचही खेळ आले, आणि मला तेच रास्त वाटते.

मला धडा मिळाला तो एका डावात. त्या रात्री आम्ही तिघेच होतो: मामा, माझे यजमान आणि मी. माझ्याकडे इस्पिकचा एक्का, चौकटची दुर्री, किलवरचा राजा आणि बदामची नव्वी होती. फ्लॉपवर पंजी, अठ्ठी आणि राणी आली, टर्नला छक्की. आता एक्का-दुर्रीने माझा ८६५२१ झाला होता आणि त्या टेबलावर याहून लहान हात होणेच शक्य नव्हते. मी आनंदाने रेझ करत सुटले. समोरून पुन्हा रेझ आला की मी पुन्हा वाढवत असे. शेवटचे पान गुलाम आले, त्याने काहीच फरक पडला नाही. तोवर प्रत्येकाचे चाळीस लागले होते आणि पॉट एकशेवीसचा झाला होता. मामांनी तीन राण्या दाखवून साठ उचलले. उरलेल्या साठांकडे मी हात नेला, तोच यजमानांनी त्यांची एक्का-दुर्री पुढे सरकवली. आम्हा दोघांना तीस-तीस मिळाले. म्हणजे त्या टेबलावर शक्य असलेला सर्वोत्तम लहान हात धरून, चाळीस लावून, मी तीस परत घेतले.

‘एवढं वाढवायचं कशाला?’ मामा म्हणाले. ‘तुझ्याकडे वरच्या बाजूला काही होतं का?’

काहीच नव्हते. त्या रात्री झोपण्यापूर्वी मी कागदावर हिशेब मांडला, आणि हा खेळ मला खऱ्या अर्थाने तेव्हा कळला. तिघांनी चाळीस-चाळीस लावले आणि मी सगळा पॉट जिंकला, तर माझा फायदा ऐंशीचा. अर्धा जिंकला, तर हाती साठ येतात, पण त्यांतले चाळीस माझेच असतात, फायदा वीसचा. म्हणजे अर्ध्या पॉटात अर्धा नव्हे, तर पाव फायदा असतो. पाव पॉट मिळाला तर दहांचा तोटा. दोघेच उरले असतील, तर अर्धा पॉट म्हणजे आपलेच चाळीस आपल्याला परत, आणि पाव पॉट म्हणजे वीसांचा खड्डा. चौघे असतील तर पाव पॉटावर बरोबरी होते. पाचवा गडी आला तरच त्यात थोडेफार उरते. त्यामुळे समोर दोघेच असताना नुसत्या लहान हातावर वाढवत राहण्यात शहाणपण नसते, आणि एकच जण उरला असेल तर त्या हाताने जिंकण्यासारखे काही नसतेच. उलट ज्याच्याकडे तोच लहान हात आहे आणि शिवाय वरच्या बाजूला एखादी बरी जोडी आहे, तो निर्धास्तपणे वाढवत राहतो, कारण त्याला पाऊण पॉट दिसत असतो.

सुरुवातीची पाने निवडताना हाच हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. एक्का-दुर्री हवीच, पण तिच्यासोबत काय आहे हे अधिक महत्त्वाचे. दोन एक्के, दुर्री आणि तिर्री, त्यातही प्रत्येक एक्क्याच्या रंगाचे एकेक पान, हा हात सर्वांत उत्तम मानला जातो. तिर्रीचे महत्त्व मला उशिरा पटले. हातात फक्त एक्का-दुर्री असेल आणि टेबलावर चव्वी, छक्की, अठ्ठीनंतर दुर्री पडली, तर माझा हात ८६४२१ वरच थांबतो, पण ज्याच्याकडे एक्का-तिर्री आहे त्याचा ६४३२१ होतो. इथले खेळाडू याला काउंटरफिट होणे म्हणतात: माझी दुर्री हातात असते, पण ती आता सर्वांचीच झालेली असते. तिर्री हा त्यावरचा विमा आहे.

मोठ्याच पानांचा हात, म्हणजे राजा, राणी, गुलाम, दश्शी, हाही खेळण्याजोगा असतो, कारण टेबलावर मोठी पाने आली तर लहान हात होत नाही आणि सगळा पॉट मिळतो. लहान पाने आली तर खळखळ न करता सोडून देता येतो. खरा दगा देतात ती मधली पाने. नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की दिसायला सलग आणि गोड असतात, पण त्यांचा सिक्वेन्स जुळतो तेव्हा टेबलावर बहुतेक लहान पाने असतात आणि अर्धा पॉट आधीच दुसऱ्याचा झालेला असतो. आणि त्यांचा लहान हात झालाच, तर तो कोणाकडून तरी हमखास हरणारा असतो. मी आता ही पाने डोळे झाकून टाकते. यजमान अजूनही खेळतात.

फ्लॉपनंतर थांबायचे की जायचे, यासाठी एक आकडा मी पाठ केला आहे. हातात एक्का-दुर्री आणि दोन मोठी पाने आहेत, फ्लॉपवर दोन वेगळी लहान पाने आली आहेत, समजा चव्वी आणि सत्ती. तर तिर्री, पंजी, छक्की आणि अठ्ठी मिळून सोळा पाने मला उपयोगी पडतात. न दिसलेली पंचेचाळीस, त्यांतून अजून दोन यायची. हात जुळण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के येते. टर्नला उपयोगी पान आले नाही, तर ती ३६ टक्क्यांवर घसरते. फ्लॉपवर एकच लहान पान असेल तर लागोपाठ दोन्ही पाने मनासारखी यावी लागतात, आणि त्या आशेवर राजमा घालणे मी सोडून दिले आहे.

काही घरांमध्ये शेवटी मुठीत चिप्स लपवून आपण लहान, मोठा की दोन्ही हे आधी जाहीर करण्याची पद्धत आहे. मामांच्या टेबलावर, कार्ड रूममध्ये असते तसे, पानेच बोलतात. तोंडाने काय म्हटले याला किंमत नाही. गेल्या शनिवारी मला याचा प्रत्यय आला. माझ्याकडे एक्का, दुर्री, तिर्री आणि राजा होता. टेबलावर चव्वी, पंजी, अठ्ठी, मग गुलाम, आणि शेवटी दुर्री. माझी दुर्री कामातून गेली, म्हणून मी घाईने तिर्रीकडे वळले. यजमानांकडे पुन्हा एक्का-दुर्रीच होती, तिचा ८५४२१ झाला होता. मामांकडे तीन गुलाम. ‘लहान माझा,’ असे म्हणून मी पाने टाकली आणि अर्धा पॉट घ्यायला सरसावले.

‘कोणती दोन?’ मामांनी विचारले.

मी एक्का आणि तिर्री पुढे सरकवली. मामांनी ती टेबलावरच्या दुर्री, चव्वी, पंजीला नेऊन लावली, आपले तीन गुलाम उलटे केले आणि काही न बोलता सगळा राजमा माझ्याकडे लोटला.