विजयेचा अर्क बिघडतो तो वाळवणातच

विजयेचा, म्हणजे भांगेच्या पानांचा, अर्क हिरवागार आणि मेणचट निघाला, तळाशी चिकट गाळ बसला, की पहिला संशय यंत्रावर जातो. तापमान तपासतात, गाळणी बदलतात, नवं अल्कोहोल मागवतात. आधी पानांच्या वाळवणाची नोंदवही उघडा. निम्म्याहून अधिक उत्तरं तिथेच सापडतात.

आपल्याकडच्या आयुर्वेदिक औषधनिर्मितीत कच्चा माल म्हणजे पान, फुलोरा नव्हे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांशी बांधलेली आहे. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून पान मोकळं आहे असं मात्र नाही. भांगेवर राज्यांचे कायदे लागू होतात, महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा आहेच, शिवाय औषध बनवायला वेगळा परवाना लागतो. पुढचं सगळं परवानाधारक कारखान्यासाठी आहे, घरच्या ओट्यासाठी नाही. कायद्यामुळे रसायनही बदलतं, हे परदेशी माहितीपत्रकं वाचून यंत्र घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तिकडचे आकडे फुलांचे असतात. पानात राळ कमी, हरितद्रव्य आणि मेण जास्त, त्यामुळे आपली अर्धी लढाई नको ते अर्कात येऊ न देण्याचीच असते.

आता वाळवण. पान वेचतानाच शेंडे आणि जाड देठ बाजूला काढा. शेंडे कायद्यासाठी, देठ ओलीसाठी. दंव उतरल्यावरच तोडणी करा. स्टीलच्या जाळीच्या ट्रेवर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको. खोली अंधारी, तापमान 20 ते 25 अंश, आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास. हवा खेळती हवी, पण पंख्याचा झोत थेट पानावर नको. पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पान परतायचं, नाहीतर खालचा थर काळपट पडतो आणि कुबट वास धरतो. तीन ते पाच दिवसांत काम होतं. कोकणात श्रावणात उघड्या पडवीत हे जमणार नाही. हवेत 85 टक्के आर्द्रता असेल तर पान कितीही दिवस ठेवा, एका मर्यादेखाली वाळतच नाही. हवेतली ओल ते परत पितं. तिथे डीह्युमिडिफायरला पर्याय नाही. उन्हात टाकून वेळ वाचवू नका. सुगंधी तेलं आधी उडतात आणि उजेडाने गुणद्रव्यांचीही मोडतोड होते.

वाळलं की नाही हे पात्याकडे पाहून ठरवू नका. पातं आधी कुरकुरीत होतं. मधली शीर लवली तर अजून ओल आहे, टचकन मोडली तर पान तयार. त्याहून खात्रीचा म्हणजे वजनाचा हिशेब. ताज्या पानात 78 टक्के पाणी धरलं तर 100 किलोत कोरडा भाग 22 किलो. दहा टक्के ओल ठेवली तर वजन साडेचोवीस किलोच्या आसपास भरायला हवं. 27 किलो भरलं तर आत साडेअठरा टक्के पाणी आहे, मग पान हाताला कितीही कोरडं लागो. बुरशीच्या दृष्टीने मात्र खरा आकडा जलक्रियतेचा, म्हणजे बुरशीला वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचा (तो शून्य ते एक असा मोजतात): 0.65 च्या खाली आणा. 105 अंशांवर भट्टीत तापवून काढलेली ओल थोडी फसवते, कारण पाण्याबरोबर सुगंधी तेलंही उडतात आणि तीही पाण्यातच मोजली जातात.

पिशवीत भरण्याआधी पान खोलीच्या तापमानाला येऊ द्या. दोन दिवसांनी पिशवी उघडून जलक्रियता पुन्हा मोजा. शिरांमधली ओल तोवर पात्यात उतरलेली असते आणि आकडा चढलेला दिसतो. ही दुसरी मोजणी बहुतेक ठिकाणी टाळतात. बुरशी तिथूनच शिरते.

ओलं पान अर्कात काय करतं? उणे 30 ते उणे 40 अंशांच्या थंड अल्कोहोलने काढायचं कारणच हे, की थंडीत मेण आणि हरितद्रव्य कमी विरघळतात. 20 किलो पानात 18 टक्के ओल म्हणजे 3.6 किलो पाणी तुम्ही स्वतःच टाकीत ओतलंत. अल्कोहोल पातळ होतं, शर्करा आणि तुरट द्रव्यं खेचतं. तळाचा चिकट गाळ तो हाच. कार्बन डायऑक्साइडचं यंत्र असेल तर दाब उतरतो त्या झडपेत हेच पाणी गोठतं आणि वाट बंद होते. (हा वायू 31.1 अंश आणि 73.8 बारच्या वर गेला की द्रावकासारखा वागतो, पण पाण्याचं त्यालाही वावडंच.) दळणही भरड ठेवा, दोन-तीन मिलिमीटरचं. पीठ केलंत तर गाळणी तुंबते.

त्यानंतरची पायरी तापवण्याची. पानातली गुणद्रव्यं मुळात आम्लरूपात असतात. 105 ते 120 अंशांवर कार्बन डायऑक्साइड सुटून ती आम्लरूप सोडतात. रेणुभार 358 वरून 314 वर येतो, म्हणून अहवालात आम्लरूपाच्या आकड्याला 0.877 ने गुणावं लागतं. हा गुणाकार विसरून मात्रा काढली तर ती चुकणारच. वायू सुटताना अर्क फसफसतो, भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. आयुर्वेदातल्या शोधनाकडे, म्हणजे पान शुद्ध करण्याच्या विधीकडेही या अंगाने पाहण्यासारखं आहे: पानाची पोटली दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात टांगून, दुधात उकळताना ताप शंभराच्या आसपासच राहतो, तुपात भाजताना तो वर जातो. दुधातून काढलेलं पान मात्र नीट धुवून पुन्हा तितक्याच काळजीने वाळवावं लागतं. दुधाचा अंश राहिला तर बुरशीला आयतं खाद्य.

एक तपासणी अर्काआधी, पानावरच करून घ्या: कीटकनाशकांची. त्यातली बरीचशी मेदात विरघळणारी असतात, राळेबरोबरच अर्कात उतरतात. दहा किलो पानातून एक किलो अर्क निघाला तर पानात नगण्य वाटलेला अंश दहापटीपर्यंत चढू शकतो, आणि तोवर अल्कोहोल, वीज आणि चार दिवस खर्ची पडलेले असतात.