घड्याळातले १८ सेकंद

माझं स्मार्टवॉच कित्येक महिने कपाटात पडून होतं. चार्ज करून चालू केलं तर तारीख आणि वेळ दोन्ही भलतंच. फोनला जोडलं असतं तर लगेच काम झालं असतं, पण मला फोनशिवायच वेळ लावून बघायची होती. डोंगरात मी फोन बंद ठेवतो. तिथे घड्याळावर पूर्ण भरवसा टाकता यायला हवा.

सेटिंगमध्ये वेळ ‘ऑटो’ केली आणि जीपीएस सुरू करून खोलीतच बसलो. काहीच हालचाल नाही. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचावर असतात, तिथून येणारा सिग्नल फारच क्षीण. स्लॅबखाली तो मिळणं कठीणच. गच्चीवर गेलो. दोनेक मिनिटांत पट्टी हिरवी झाली, वेळ बदलली, आणि मी खूश होऊन खाली आलो.

लॅपटॉपवरच्या वेळेशी ताडून पाहिलं, तर घड्याळ पुढे. पुन्हा पुन्हा मोजलं, बरोबर १८ सेकंद पुढे.

हा आकडा ओळखीचा होता. जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० पासून सलग मोजली जाते. आपल्या रोजच्या वेळेत अधूनमधून लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी एकेक जादा सेकंद, घातले गेले, जीपीएसच्या वेळेत ते कधीच घातले नाहीत. १ जानेवारी २०१७ पासून हा फरक १८ सेकंदांचा आहे. तो किती वजा करायचा हेही उपग्रहच कळवतो, पण त्याचा संदेश सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने येतो आणि पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. मी तेवढा थांबलोच नव्हतो! आणि आधी साठवलेला फरक इतक्या महिन्यांत बहुधा पुसला गेला असावा.

पुन्हा गच्ची गाठली. या वेळी घड्याळ कठड्यावर ठेवलं, जीपीएस चालूच ठेवलं आणि समोर बसून राहिलो. दहा मिनिटं उलटून गेल्यावर सेकंदाचे आकडे ४७, ४८, ४९ असे पुढे सरकत होते, आणि ५० च्या जागी एकदम ३२ आले. लॅपटॉपशी पुन्हा ताडलं. सेकंदाला सेकंद जुळला.

टाइम झोन मात्र उपग्रह सांगत नाही. तो माझ्या घड्याळात हाताने निवडावा लागतो, म्हणून प्रवासाला निघताना आधी तो तपासतो आणि मगच घड्याळ उघड्यावर नेतो.