तुम्ही विचारलंत म्हणून: अँग्युलरजेएसवर घातलेली वर्षं

मुलाखतीत विचारतात, जुने सहकारी भेटले की विचारतात: "बंद पडलेल्या फ्रेमवर्कवर एवढी वर्षं घातलीस, पश्चात्ताप होत नाही?" ३१ डिसेंबर २०२१ला गूगलने अँग्युलरजेएसचा, म्हणजे वेब अ‍ॅप बनवायच्या त्यांच्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कचा, सपोर्ट थांबवला, तेव्हापासून तर फारच. होत नाही. पण हे सांगताना मी अडखळतो, ते एका स्क्रीनमुळे.

२०१४ साल. एका पतसंस्थेसाठी हप्त्यांचा तक्ता केला होता. एनजी-रिपीटने (यादीतल्या दर नोंदीसाठी ओळ काढणाऱ्या सूचनेने) ३०० ओळी, ओळीला १२ रकाने. रक्कम बदलली की व्याज आपोआप बदलायचं. डेमोत सगळे खूश. मग तिथल्या हिशेब बघणाऱ्या बाईंनी मला त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरशेजारी बसवलं आणि चार आकडे टाइप केले. स्क्रीन थिजली. थोड्या वेळाने चारही आकडे एकदम उमटले. "आधीच्या प्रोग्रॅममध्ये मी काय लिहिलं ते निदान दिसायचं हो," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "मशीन स्लो आहे." खोटं बोललो. दर खान्यात मीच व्याज काढणारं फंक्शन बसवलं होतं. एक की दाबली की डायजेस्ट सायकल, म्हणजे काय बदललं ते शोधणारी अँग्युलरजेएसची फेरी, ३६०० वॉचर (दर खान्यावरचा एकेक पहारेकरी) तपासायची, तेही किमान दोनदा.

ऑक्टोबरमध्ये अँग्युलरजेएस १.३ आलं. त्यातलं वन-टाइम बाइंडिंग (आकडा एकदा भरला की वॉचर काढून टाकणं) आणि डिबाउन्स (टायपिंग थांबेपर्यंत वाट बघणं) वापरून मी तक्ता सावरला. आणि त्याच महिन्यात पॅरिसच्या परिषदेत जाहीर झालं की नव्याने लिहिलेल्या अँग्युलरमध्ये कंट्रोलर नाहीत, स्कोप नाही, म्हणजे आमचं कोड ज्यांवर उभं होतं तेच भाग नाहीत. ते आठवलं की आजही संताप होतो.

तेव्हा मी ठासून सांगायचो की दोष माझ्या कोडचा, फ्रेमवर्कचा नाही. आता वाटतं, लिहायला इतकं सोपं आणि ते किती महाग पडतंय हे कळूच न देणारं, त्याचाही दोष आहेच. मग वाटतं, जेक्वेरी या त्याआधीच्या नुसत्या लायब्ररीवर तो तक्ता मला उभाच करता आला नसता.

नंतर व्ह्यू हे दुसरं फ्रेमवर्क शिकायला बसलो. व्ही-इफ, व्ही-फॉर, व्ही-मॉडेल: एनजी-इफ, एनजी-रिपीट, एनजी-मॉडेलची भावंडंच. वाचताना गलबलून आलं, हे तर आपलंच! व्ह्यू बनवणारा इव्हान यू गूगलमध्ये अँग्युलरजेएस वापरायचा. त्यातलं आवडलेलं तेवढं घेऊन त्याने हलकं काही बनवलं, डायजेस्ट घेतला नाही. अँग्युलरजेएसचं डिपेन्डन्सी इंजेक्शन (कोडला लागणारे भाग बाहेरून पुरवणं) नव्या अँग्युलरमध्ये टिकलं, आणि टेस्ट लिहायची सवय मला त्याच्यामुळेच लागली. मग वाया काय गेलं, ते मला विचारणाऱ्यांनीच सांगावं.

बाईंना मात्र खरं कारण मी अजून सांगितलेलं नाही.