पाऊस, मका आणि राजे: माया धर्म जवळून पाहताना

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात राहायला आल्यावर मला सर्वांत आधी जाणवले ते नद्यांचे नसणे. मेरिदा शहराच्या आसपास कितीही भटकले तरी नदीवरचा पूल लागत नाही, कारण इथली जमीन चुनखडकाची आहे. पावसाचे पाणी तिच्यातून झिरपून खाली जाते आणि जिथे खडकाचे छत कोसळले आहे तिथेच, सेनोते नावाच्या खोल नैसर्गिक विहिरींत, पुन्हा दिसते. माया या इथल्या मूळ रहिवाशांच्या प्राचीन धर्माविषयी आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टी वाचायला मिळतात: नरबळी आणि २०१२ सालच्या प्रलयाची वावडी. तो धर्म समजून घ्यायचा असेल तर सुरुवात पाण्यापासून करावी, असे इथे राहून मला ठामपणे वाटू लागले आहे.

मेरिदाच्या दक्षिणेला असलेल्या उश्माल या प्राचीन शहरात तर सेनोतेही नव्हते. जमिनीत खोदून आतून गिलावा केलेल्या, चुल्तून नावाच्या टाक्यांत पावसाचे पाणी साठवून तिथली माणसे कोरडे महिने काढत असत. तिथल्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर आणि कोपऱ्यांवर लांब, वळलेल्या नाकाचा एक मुखवटा पुन्हा पुन्हा दिसतो. पर्जन्यदेव चाआक म्हणून तो ओळखला जातो. जवळच्या काबाह इथे एका इमारतीची अख्खी दर्शनी भिंत अशा शेकडो मुखवट्यांनी भरलेली आहे. ती नुसती सजावट समजून पुढे जाणे मला जमत नाही. पावसाळा चुकला तर जगायचे कसे, ही धास्ती त्या दगडांत आहे.

पाण्याच्या जोडीने येतो तो मका. ग्वातेमालातील किचे माया लोकांच्या ‘पोपोल वूह’ या ग्रंथात देवांनी माणूस आधी मातीचा, मग लाकडाचा करून पाहिला आणि शेवटी मक्याच्या पिठापासून घडवला, अशी कथा आहे. मका केवळ अन्न नसून माणसाचा देहच आहे, असे मानणाऱ्या समाजात पाऊस आणि पीक सांभाळणारा तोच राजा ठरणे स्वाभाविक होते. माया राजे स्वतःला ‘कुहुल आहाव’, म्हणजे पवित्र अधिपती, म्हणवत. चियापास राज्यातील पालेंके इथला पाकाल हा राजा ६१५ साली बाराव्या वर्षी गादीवर आला आणि ६८३ साली वारला. त्याची समाधी १९५२ साली पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूस यांनी मंदिराच्या पोटात उघडली, तेव्हा शवपेटीच्या बाजूंवर त्याचे पूर्वज फळझाडांसह जमिनीतून उगवताना कोरलेले आढळले. राजघराणे मरत नाही, ते पिकासारखे पुन्हा उगवते, हा दावा याहून स्पष्ट शब्दांत करता आला नसता.

या दाव्याची किंमत मात्र राजघराण्याला स्वतःच्या रक्ताने चुकवावी लागे. याश्चिलान या माया नगरातल्या, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या, एका शिल्पपट्टीवर ७०९ सालचा विधी कोरलेला आहे: राजा मशाल धरून उभा आहे आणि ‘शोक’ नावाची राणी गुडघ्यांवर बसून काटेरी दोर आपल्या जिभेतून ओढते आहे. बळी इतरांचाही दिला जात असे, आणि हे सौम्य करून सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. युकातानमधील चिचेन इत्सा या प्राचीन नगरातल्या पवित्र सेनोतेजवळ १९६७ साली एका चुल्तूनमध्ये शंभराहून अधिक लहान मुलांचे अवशेष सापडले. त्यांतील ६४ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सर्व मुलगे असल्याचे, अनेकांचे एकमेकांशी रक्ताचे नाते असल्याचे आणि त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या असल्याचे दिसून आले. ‘पोपोल वूह’चे नायकही जुळे भाऊच आहेत, हे आठवले की अंगावर काटा येतो.

राजाने विधी करायचे आणि त्या बदल्यात देवांनी पाऊस द्यायचा, अशी ही व्यवस्था असल्यामुळे दुष्काळ हा केवळ शेतीचा प्रश्न राहत नसे, तो राजाच्या अधिकारावरचा प्रश्न होई. युकातानमधील चिचानकानाब सरोवराच्या गाळात नवव्या शतकाच्या सुमारास पडलेल्या तीव्र अवर्षणाच्या खुणा आहेत, आणि त्याच काळात दक्षिणेकडची मोठी नगरे एकामागून एक ओस पडत गेली. त्यामागे युद्धे आणि वाढलेली लोकसंख्याही होती. तरीही ज्या राजांनी पावसाची हमी घेतली होती त्यांच्यावरचा विश्वास उडणे हे मला त्या पडझडीचे मोठे कारण वाटते. राजे दगडांवर ज्या दीर्घ कालगणनेत, म्हणजे एका आरंभदिनापासून सलग दिवस मोजण्याच्या पद्धतीत, आपल्या तारखा कोरत, तिची शेवटची ज्ञात तारीख तोनिना या माया नगरात असून ती ९०९ सालची आहे.

पुढे स्पॅनिश आले. फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदा यांनी १५६२ साली मानी गावात मूर्तींसह माया पोथ्यांची होळी केली, आणि आज जगात अशा केवळ चार पोथ्या उरल्या आहेत. याच लांदांनी लिहिलेल्या वृत्तांतावर माया धर्माचे अभ्यासक आजही अवलंबून आहेत, याचे मला फार वाईट वाटते.

शेतकऱ्यांचा धर्म मात्र संपला नाही. पाऊस लांबला की युकातानच्या खेड्यांत आजही ‘चा चाआक’ हा विधी होतो. ‘हमेन’ म्हणजे गावाचा पुजारी फांद्यांची वेदी उभारतो, झाडाची साल आणि मध यांपासून केलेले बाल्चे हे पेय अर्पण करतो, आणि वेदीखाली बसलेली मुले बेडकांसारखा आवाज काढून पावसाला बोलावतात. आपल्याकडची ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे मुळीच परके वाटणार नाही. त्या वेदीवर क्रूसही असतो, ख्रिस्ती प्रार्थनाही म्हटल्या जातात आणि चाआकलाही हाक मारली जाते. ग्वातेमालाच्या डोंगरांत, मोमोस्तेनांगो परिसरात, २६० दिवसांचे प्राचीन पंचांग आजही मोजले जाते, आणि त्याचे जाणकार आजारपणापासून लग्नापर्यंतच्या प्रश्नांवर त्या दिवसांच्या आधारे लोकांना सल्ला देतात.