दमा नाही हो, फक्त पंप घेते

आमच्या न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये हृदयाला ताण देऊन त्याला रक्त पुरतं का ते कॅमेऱ्यात बघायची टेस्ट असते. तिला सगळे अजून 'थॅलियम'च म्हणतात, टोचतो मात्र टेक्नेशियम, किरणोत्सारी औषध. दर ६ तासांनी त्याची ताकद निम्मी होते, त्यामुळे डोस भरला की टेक्निशियनच्या मागे घड्याळ लागतं.

त्या दिवशीच्या काकी ६८ वर्षांच्या, डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलने आलेल्या, दोन्ही गुडघे झिजलेले. तरी आधी एका ठिकाणी त्यांना ट्रेडमिलवर चढवलं होतं! दोन मिनिटांत उतरवलं, ठोके शंभरपण नाही झाले, आणि मुलाला सांगितलं काही निघालं नाही. अहो निघणार कसं, २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के, म्हणजे १२९ तरी ठोके व्हायला हवेत. ती गुडघ्यांची टेस्ट झाली. असे रिपोर्ट देणाऱ्यांचा मला खरंच संताप येतो.

आमच्याकडे एडेनोसिन ठरलेलं. त्यात चालायचं नसतं, औषधाने हृदयाच्या चांगल्या नळ्या रुंदावतात, ब्लॉकवाल्या तेवढ्या रुंदावत नाहीत, तो फरक कॅमेऱ्यात दिसतो. कॅफिनमुळे औषध नीट लागू पडत नाही म्हणून चहा २४ तास बंद, काकींनी घोटभरपण घेतला नव्हता. मी विचारलं, "दमा वगैरे?" "नाही." फॉर्मवर खूण केली, सुई लावली, डोस तयार, बाहेर अजून चार पेशंट.

तेवढ्यात काकींनी रुमालासाठी पिशवी उघडली आणि आत निळा पंप.

"काकी, हा कोणाचा?"

"माझाच. दमा नाही हो, फक्त पावसाळ्यात पंप घेते."

माझे हात गार पडले. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या एडेनोसिनने आवळू शकतात. डॉक्टरांना बोलावलं, ते एका शब्दाने रागावले नाहीत, डोब्युटामिनवर जाऊ म्हणाले. ते औषध हृदयालाच पळवतं, दर तीन मिनिटांनी वाढवायचं, १०, २०, ३०, ४०. चाळीसवर ठोके १३१ झाले आणि काकी म्हणाल्या, "जिना चढताना होतं तेच होतंय." टेक्नेशियम टोचलं, मिनिटभर थांबून डोब्युटामिन बंद केलं.

ताणाच्या फोटोत हृदयाची पुढची भिंत फिकी, विश्रांतीच्या फोटोत तीच भरलेली. म्हणजे स्नायू जिवंत आहे, रक्त कमी पडतंय. अँजिओग्राफी सांगितली.

आता मी "दमा आहे का" विचारतच नाही, "पंप घेता का, कधी घेतला होता का" असं विचारते आणि पिशवी दाखवायला सांगते. पण काकींच्या फॉर्मवर 'दमा: नाही' ही खूण माझ्या हाताची आहे, आणि रुमाल त्यांच्या पदरात असता तर?