नुसत्या वॉर्निंगवर का भागत नाही?

टीममध्ये नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, "कॉन्ट्रॅक्ट मोडलं तर वॉर्निंग दाखवा की. अख्खं बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करायची प्रक्रिया) फेल कशाला करायचं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खात्यातून पैसे काढायचं एक फंक्शन घ्या. रक्कम शून्यापेक्षा जास्त आणि शिलकीच्या आत असली पाहिजे, ही कॉल करणाऱ्यावरची अट. ती पाळली तर शिल्लक ऋण होणार नाही, ही फंक्शनची हमी. दोन्ही गोष्टी कॉमेंटमध्ये न लिहिता कोडमध्येच लिहिल्या की झालं कॉन्ट्रॅक्ट. बर्ट्रांड मायर यांनी १९८० च्या दशकात त्यांच्या आयफेल या प्रोग्रामिंग भाषेत हे थेट भाषेचाच भाग म्हणून आणलं. पुढे एडा या भाषेच्या २०१२ च्या आवृत्तीतही ते आलं.

अट रन-टाइमला (प्रोग्राम चालू असताना) तपासली तर ज्या वाटेने कोड प्रत्यक्ष जातो तेवढीच वाट तपासली जाते. कंपाइल करतानाच तपासणारं टूल सगळ्या वाटा धुंडाळतं आणि 'इथे रक्कम शून्य येऊ शकते' असं सांगतं. आता खरी अडचण. ते 'येऊ शकते' म्हणतं, 'येतेच' असं नाही. जे सिद्ध करता येत नाही त्याबद्दल ते तक्रार करतं आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी फुसक्या असतात. जुन्या कोडवर पहिल्यांदा चालवलंत तर वॉर्निंगचा असा ढीग पडतो की माणूस टॅबच बंद करतो. त्या ढिगात उद्याची खरी वॉर्निंग कोण शोधणार? कोणीच नाही, मीही नाही.

म्हणून आम्ही जुन्या तक्रारींची बेसलाइन फाइल, म्हणजे त्यांची एक यादी, करतो. त्यात असलेल्यांना तूर्त माफी. नवीन एक जरी आली तरी बिल्ड लाल. टूलला जे कळत नाही ते कोडमध्ये 'अझ्यूम' ('हे खरं धरून चाल') लिहून सांगायचं. पण प्रत्येक अझ्यूम कोड रिव्ह्यूत दिसलं पाहिजे, नाहीतर लोक अडलं की अझ्यूम ठोकून मोकळे होतात.

आता दुसरी गोष्ट, जी फारसं कोणी विचारत नाही. चेक चालला हे तुम्हाला कशावरून कळतं?

मायक्रोसॉफ्टच्या कोड कॉन्ट्रॅक्ट्सचंच बघा. २०१० मध्ये डॉट नेट ४ (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्म) बरोबर त्यांचे क्लास आले, पण कॉन्ट्रॅक्ट तपासणारी टूल्स वेगळी इन्स्टॉल करावी लागायची. अट लिहायचं साधं 'कॉन्ट्रॅक्ट डॉट रिक्वायर्स' एका कंडिशनल सिम्बॉलवर, म्हणजे ते टूल बिल्ड करताना लावतं त्या एका खुणेवर, अवलंबून होतं. तो सिम्बॉल नसेल तर कंपायलर ती ओळ सरळ गाळतो. ना एरर, ना वॉर्निंग. म्हणजे तुमच्या मशीनवर टूल आहे, बिल्ड सर्व्हरवर नाही, तर सर्व्हरवर एकही अट उरत नाही आणि बिल्ड मात्र हिरवंगार. एक्सेप्शनचा प्रकार देऊन लिहिलेलं रिक्वायर्स वेगळं वागतं. ते गाळलं जात नाही, पण रीरायटर (तयार प्रोग्राममध्ये या तपासण्या घालणारं टूल) चालला नसेल तर रन-टाइमला बोंब मारतं. माझ्या मते ही बोंब त्या शांततेपेक्षा कितीतरी बरी.

यावर आमचा उपाय साधा आहे. एक चिमुकला प्रोजेक्ट ठेवायचा, ज्यात मुद्दाम अट मोडलेली आहे: पैसे काढायच्या फंक्शनला थेट उणे रक्कम. बिल्डमधली एक पायरी तो तपासते आणि त्यात तक्रार आलीच पाहिजे अशी अपेक्षा ठेवते. तक्रार आली नाही, तर बिल्ड फेल. सर्व्हर बदलला, टूलची आवृत्ती बदलली, कोणी सेटिंगला हात लावला, तर याने लगेच कळतं.

डॉट नेट ५ पासून पुढे ती जुनी टूल्स चालत नाहीत. त्याजागी मायक्रोसॉफ्ट नलेबल रेफरन्स टाइप्स सुचवते, म्हणजे एखादी किंमत नल (रिकामी) असू शकते का हे कोडमध्येच सांगायची सोय. त्यांचा आवाका लहान आहे: नल आहे की नाही एवढंच ते बघतात, रकमेचं चिन्ह नाही. पण सुरुवातीला तेवढं पुरेल. एकच प्रोजेक्ट निवडा, त्यात नलेबल चालू करा आणि फक्त त्याच वॉर्निंगना एरर करा. बाकीच्या वॉर्निंग आहेत तशा राहू द्या. आणि हे सेटिंग आयडीईत (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) नको, प्रोजेक्ट फाइलमध्येच ठेवा, म्हणजे सर्व्हरही तेच वाचेल.